सार्सचा माग: टोरोंटो आणि व्हँकुव्हर

२००३ सालच्या सार्सच्या साथीचा नकाशा आज पुन्हा पाहिला की नजर आधी विमानमार्गांवर जाते. २१ फेब्रुवारीला ग्वांगझूहून आलेला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला आणि तिथल्या पाहुण्यांकरवी आजार हनोई, सिंगापूर, टोरोंटोपर्यंत गेला. साथ आटोक्यात येईपर्यंत ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंची नोंद झाली. विमानांनी साथ पसरवली, असे तेव्हापासून सर्रास म्हटले जाते. मला हे उत्तर अपुरे वाटते. विमान विषाणूला नुसते पोहोचवते. तो तिथे मूळ धरणार की नाही, हे बरेचसे तिथल्या रुग्णालयाला आधी काय कळले होते त्यावर ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडात आहे. मेट्रोपोलमध्ये राहून परतलेली टोरोंटोची एक वृद्धा ५ मार्चला घरीच वारली, आजाराचे खरे कारण कुणालाही न कळता. ७ मार्चला तिचा मुलगा रुग्णालयात आला आणि तातडीच्या विभागात इतर रुग्णांमध्ये कित्येक तास पडून राहिला. त्याच दिवशी, त्याच हॉटेलात राहिलेला दुसरा एक प्रवासी व्हँकुव्हरच्या रुग्णालयात पोहोचला. तिथल्या प्रांतिक रोगनियंत्रण केंद्राने चीन-हाँगकाँगहून येणाऱ्या तापाच्या रुग्णांबद्दल डॉक्टरांना फेब्रुवारीतच सावध केले होते. त्यामुळे त्याला लगेच वेगळे ठेवले गेले. व्हँकुव्हरमध्ये साथ उभी राहिली नाही. टोरोंटोत ती रुग्णालयांमधून पसरत गेली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. यात नशिबाचाही वाटा होता, हा आक्षेप रास्त आहे. सगळेच रुग्ण सारखा संसर्ग पसरवत नाहीत, आणि टोरोंटोत आजार घरात आधीच शिरला होता. पण मे महिन्यात, साथ संपली असे समजून खबरदारी सैल केल्यावर, त्याच टोरोंटोत न ओळखलेल्या रुग्णांमधून दुसरी लाट उठली. ती नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात टोरोंटोला काही ठाऊक का नव्हते? ग्वांगडाँग प्रांतात रुग्ण नोव्हेंबर २००२ पासून सापडत होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यू जाहीर केले ते थेट ११ फेब्रुवारीला, तेही परिस्थिती नियंत्रणात असल्याचे सांगत. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार फक्त कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर कळवणे सक्तीचे होते. नव्या न्यूमोनियाला त्यांत जागाच नव्हती. हनोईत मात्र जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी रुग्णाच्या खाटेपाशी गेले, हा आजार वेगळा आहे हे त्यांनी ओळखले आणि तसे वर कळवले. १२ मार्चला जगाला इशारा गेला. उर्बानी स्वतः २९ मार्चला सार्सनेच गेले. २८ एप्रिलला व्हिएतनाम साथमुक्त जाहीर झाला, जगात सर्वांत आधी. भारतात त्या वसंतात अंतिम नोंद तीन रुग्णांची झाली, मृत्यू एकही नाही. पण आपल्याकडे रुग्ण आले ते इशाऱ्यानंतर, हे विसरून चालणार नाही.

सार्स मुळात अडवायला सोपा होता, असेही म्हणतात. रुग्ण चांगला आजारी पडल्यावरच जास्त संसर्गजन्य होई. कोव्हिड लक्षणांआधीच पसरला, तिथे माहिती काय करणार? फरक खरा आहे आणि मोठाही आहे. पण लक्षणांवरून ओळखता येत नाही तेव्हा चाचणीवाचून इलाज नसतो, आणि चाचणी बनते ती माहितीतून. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय क्रम खुला झाल्यानंतर काही दिवसांतच बर्लिनच्या प्रयोगशाळेची चाचणीपद्धत जगाला उपलब्ध झाली. तो क्रम आणखी आधी खुला झाला असता, तर त्या दिवसांचे मोल किती ठरले असते!

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: जो सांगतो तोच भरडला जातो. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगनंतर कित्येक देशांनी भारताची विमाने थांबवली. टोरोंटोला जाऊ नका, असा सल्ला खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने २३ एप्रिल २००३ ला दिला. सार्सनंतर नवे आरोग्य नियम २००५ मध्ये संमत झाले, २००७ पासून लागू झाले आणि आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकणारी कुठलीही घटना कळवणे बंधनकारक झाले. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन शोधून लगोलग जाहीर केला, तेव्हा बक्षीस म्हणून त्यांच्या देशाला विमानबंदी मिळाली. हा अन्याय होता, आणि पुढचा देश तो पाहूनच कळवायचे की थांबायचे हे ठरवील. म्हणून कळवण्याच्या सक्तीइतकीच, कळवणाऱ्याचे व्यापार-पर्यटनात होणारे नुकसान इतर देशांनी मिळून भरून देण्याची तरतूद नियमांत हवी. २००५ च्या नियमांनी प्रवासबंदीसाठी शास्त्रीय कारण मागितले, पण कारण न देता बंदी घालणाऱ्याला ते काहीच करू शकत नाहीत.