आत्याचं वजन आणि फोनचं 'अभिनंदन'

गेल्या वर्षी आत्याची केमोथेरपी सुरू झाली. घरातली 'मोबाईलवाली' मी, म्हणून जेवणाची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी कॅलरी मोजणारं एक अ‍ॅप घेतलं. तीन आठवड्यांत आत्याचं वजन दीड किलोनं उतरलं आणि स्क्रीनवर संदेश आला, "अभिनंदन!" आत्या हसली. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

अशी बहुतेक अ‍ॅप्स वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी असतात. कर्करोगात गणित उलटं. मळमळ, तोंडातले फोड, बदललेली चव यांमुळे खाणं घटतं. शिवाय आजारानं स्नायूही झिजतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही धोक्याची खूण. ५२ किलोच्या आत्यासाठी ही रेघ अडीच किलोच्या जरा पुढे होती. अशक्तपणा फार वाढला तर केमो पुढे ढकलावी लागते.

आहारतज्ज्ञ मॅडमनी साधा हिशोब दिला: वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते दीड ग्रॅम प्रथिनं. (किडनीचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून विचारूनच ठरवावं.) परदेशी अ‍ॅपला आपली भाकरी, आंबील कुठली माहीत असायला! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढलेत, ते इथं कामाला आले.

मग आम्ही फोन साधेपणानं वापरला. दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर वजन. पायाला सूज असली की तीही लिहायची, कारण अंगातलं पाणी वजन फसवतं. दर दोन तासांनी गजर: कधी उकडलेलं अंडं, कधी तूप घातलेला मऊ भात. आणि ताटाचे दोन फोटो, जेवणाआधी आणि नंतर.

खरं फोटोंनीच सांगितलं. मी वहीत 'भाकरी एक' लिहायची. नंतरच्या फोटोत अर्धी तशीच असायची. सकाळचं ताट रिकामं, रात्रीचं भरलेलं. मॅडमनी ते बघून जड जेवण सकाळी हलवलं. शेवटच्या केमोपर्यंत वजन ५० किलोवर टिकलं.

फोननं कुणाचं पोट भरत नाही. पण आपल्या नजरेतून निसटणारं तो वेळेवर दाखवतो, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचवणं आपल्या हातात असतं.

आत्याचं मत वेगळं आहे. "झाला न्हवं फोटो काढून? मग आता खाऊ दे की मला!"