सेसना १७२ : चार्जिंग गेलं की थेट अल्टरनेटर बदलू नका
परवा बारामतीला एका सेसना १७२ मध्ये ‘लो व्होल्टेज’चा दिवा लागला. सगळे म्हणाले, अल्टरनेटर गेला!

२४ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला बसवर साधारण २८ व्होल्ट लागतात. ते मिळत नसतील तर मॅग्नेटो बंद, चावी बाहेर, आणि आधी पट्ट्याचा ताण बघा.

मग इंजिन बंदच ठेवून मास्टर स्विचच्या दोन्ही बाजू चालू करा, अल्टरनेटरच्या फील्ड टर्मिनलवर मीटर लावा. तिथे व्होल्टेजच येत नसेल तर दोष मागे शोधा: स्विच, ब्रेकर, रेग्युलेटर, वायर. आमच्या विमानात फील्ड वायरचा लग बोट लावताच हलला. इंजिनाच्या कंपनाने असं होतंच.

हवेत दिवा लागला तर घाबरू नका, इंजिन मॅग्नेटोवर चालतं. चेकलिस्ट करा, अनावश्यक लोड बंद करा, जवळ उतरा. फ्लॅपही विजेवरच आहेत!