दोघेही आवडणे म्हणजे गोंधळ नव्हे : उभयलैंगिकता आणि आपले गैरसमज



मागच्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहारात तरुण-तरुणींसाठी आरोग्य आणि नातेसंबंध या विषयावर सत्र घेत होते. समोरासमोर बोलायला मुले लाजतात, म्हणून नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न मागवले. बहुतेक चिठ्ठ्या नेहमीच्या होत्या. पाळी, हस्तमैथुन, ब्रेकअप, आंतरजातीय लग्न. एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘मला मुलगाही आवडतो आणि मुलगीही. माझ्यात काय बिघडलंय? लग्न झाल्यावर हे जाईल का?’

मी चिठ्ठी वाचली आणि सगळा हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणाले, ‘मजा आहे बाबा एकेकाची!’ मीही दोन वाक्यांत उत्तर आटोपले आणि पुढची चिठ्ठी उचलली.

सत्र संपल्यावर चपलांपाशी एक मुलगी थांबली होती. ‘ताई, ती चिठ्ठी माझी होती.’ महिन्याभरावर तिचा साखरपुडा होता. मुलगा तिला मनापासून आवडला होता. पण कॉलेजात असताना तिचे एका मैत्रिणीवर प्रेम होते, तेही तितकेच मनापासून. हे तिने दोन जणींना सांगून पाहिले होते. बहीण म्हणाली, ‘त्या वयात होतं तसं, लग्न झालं की जाईल.’ दुसरी मैत्रीण स्वतः समलैंगिक. ती म्हणाली, ‘तुला खरं तर मुलीच आवडतात, तू घाबरून मुलाशी लग्न करतेयस.’ दोघींचे म्हणणे एकमेकींच्या अगदी उलट, पण निष्कर्ष एकच : तू स्वतःबद्दल जे सांगतेस ते खरे नाही.

तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहिते आहे. त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपलेले उत्तर नीट द्यायचे राहून गेले होते, ते इथे देते.

आधी शब्द समजून घेऊ

ज्या व्यक्तीला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल प्रेम किंवा शारीरिक आकर्षण वाटू शकते, ती उभयलैंगिक. तरुणांच्या बोलण्यात यासाठी ‘बायसेक्शुअल’ किंवा नुसते ‘बाय’ असे येते. मराठीत काही जण ‘उभयलिंगी’ लिहितात, पण त्याने घोटाळा होतो. गांडूळ उभयलिंगी असते, हे आपण शाळेत शिकलो. तिथे अर्थ आहे, एकाच शरीरात नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रिये असणे. उभयलैंगिकतेचा शरीराच्या अशा रचनेशी काही संबंध नाही. म्हणून मी उभयलैंगिक हा शब्द वापरते.

दुसरा घोटाळा तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर या शब्दांशी होतो. मी स्वतःला स्त्री मानते, पुरुष मानते की आणखी काही, हा लिंगभावाचा प्रश्न. मला कोण आवडते, हा लैंगिक कलाचा प्रश्न. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

आणखी एक गोष्ट. दोघांबद्दलचे आकर्षण अगदी समसमान असायला हवे, अशी काही अट नाही. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये पुरुषांच्या आणि १९५३ मध्ये स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावर मोठे अभ्यास प्रसिद्ध केले. हजारो मुलाखतींवरून त्यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधल्या पायऱ्यांवर बरीच माणसे. किन्सींच्या मुलाखतींच्या निवडीवर पुढे टीका झाली. पण माणसांचे दोनच कप्पे करता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा टिकून आहे.

गैरसमज पहिला : हा एक टप्पा आहे, निघून जाईल

मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी अमेरिकेत ७९ तरुणींच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेत दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या अनेकींनी या काळात स्वतःला लावलेले नाव बदलले. पण एकाहून अधिक लिंगांबद्दल आकर्षण वाटण्याची वृत्ती दहा वर्षांनंतरही टिकून होती. उभयलैंगिकता ही कुठेतरी पोहोचण्याआधीची पायरी असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही माणसे स्वतःला आधी उभयलैंगिक आणि नंतर समलैंगिक म्हणवतात, हे खरे. पण त्यांच्या अनुभवावरून इतर सगळ्यांना खोटे ठरवता येत नाही.

गैरसमज दुसरा : असे पुरुष नसतातच, ते खरे लपवतात

हा गैरसमज एके काळी विज्ञानाच्या नावाने पसरला. २००५ मध्ये मायकेल बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक पुरुषांवर प्रयोगशाळेत एक अभ्यास केला. स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांच्या शारीरिक प्रतिसादात त्यांना दोन्हींकडचे आकर्षण स्पष्ट आढळले नाही. त्याच्या बातम्या जगभर झाल्या आणि असंख्य पुरुषांवर खोटेपणाचा शिक्का बसला. पुढे अधिक काळजीपूर्वक अभ्यास झाले. २०२० मध्ये अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून नवा शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष, पुरुषांमध्ये उभयलैंगिक कल असल्याचा भक्कम पुरावा आहे. या निबंधाच्या लेखकांमध्ये बेली स्वतः होते.

पुरावा बदलला की मत बदलायचे, हा विवेक त्यांनी दाखवला. समाजाने मात्र पहिली बातमी लक्षात ठेवली, दुसरी वाचलीच नाही.

गैरसमज तिसरा : लग्न झाले की प्रश्न मिटला

उभयलैंगिक स्त्रीने पुरुषाशी लग्न केले की लोक म्हणतात, सुधारली. तीच स्त्री एखाद्या स्त्रीसोबत राहू लागली की म्हणतात, बघा, ही आधीपासून लेस्बियनच होती. म्हणजे जोडीदार पाहून आपण तिची ओळख ठरवतो आणि दर वेळी तिचा अर्धा भाग पुसून टाकतो. लग्न हा एका माणसासोबत आयुष्य काढण्याचा निर्णय आहे. कल त्याने बदलत नाही, आणि बदलायची गरजही नसते.

गैरसमज चौथा : दोघेही हवेत म्हणजे एकनिष्ठ राहणार नाहीत

हॉलमधल्या त्या हसण्यामागे हाच गैरसमज होता. ज्या पुरुषाला फक्त स्त्रिया आवडतात, त्याला लग्नानंतर बायकोखेरीज दुसरी कुणीच सुंदर दिसत नाही का? दिसते. तरी तो बायकोशी प्रामाणिक राहतो, कारण त्याने तसे ठरवलेले असते. उभयलैंगिक व्यक्तीही अगदी असेच ठरवते. दोघांबद्दल आकर्षण वाटू शकणे आणि एकाच वेळी दोघे हवे असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

‘हे आपल्या शीलात बसते का?’ असा प्रश्न मला विहारात विचारला गेला आहे. तिसरे शील आचरणाविषयी आहे. फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याचा विश्वासघात यांपासून दूर राहायला ते सांगते. हे शील पाळणारे आणि मोडणारे, दोन्ही प्रकारचे लोक सगळ्याच कलांमध्ये असतात. बाहेरख्याली करणाऱ्या विवाहित पुरुषाकडे पाहून आपण सगळ्या भिन्नलिंगी पुरुषांना बदफैली म्हणत नाही.

गैरसमज पाचवा : हे लोक रोग पसरवतात

१९८० च्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा उभयलैंगिक पुरुष हा रोग घराघरांत नेतात अशी भीती पसरली. एचआयव्ही विषाणू कुणाचा कल विचारत नाही. तो पसरतो असुरक्षित संबंधांतून, दूषित सुईतून, दूषित रक्तातून आणि आईकडून बाळाला. कंडोम, वेळेवर तपासणी आणि औषधोपचार हे त्यावरचे उपाय. उलट बदनामीच्या भीतीने माणूस तपासणीला जात नाही, आणि मग धोका वाढतो.

गैरसमज सहावा : हे शहरी, श्रीमंतांचे, परदेशी फॅड आहे

आपल्या चळवळीतल्या तरुणांकडूनही हे ऐकते, म्हणून थोडे जुने सांगते. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. लैंगिक प्रश्नांवर वाचक पत्रे पाठवत आणि कर्वे शास्त्रीय उत्तरे देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचा विषयही होता. १९३४ मध्ये न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी वाचक हे प्रश्न विचारत होते, आणि ते विचारण्याच्या हक्कासाठी बाबासाहेब उभे राहिले होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आणि परदेशातून आलेच असेल, तर ते शिक्षेचे कलम. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ हे १८६० चे, इंग्रजांनी आणलेले.

दोन्ही दारे बंद

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, समलैंगिक व्यक्तींपैकी ७५ टक्के लोकांच्या आयुष्यातील सर्व किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना त्यांचा कल माहीत होता. उभयलैंगिकांमध्ये हे प्रमाण फक्त १९ टक्के. कायद्याचे आणि समाजाचे वातावरण आपल्याहून मोकळे असलेल्या देशातले हे चित्र आहे.

असे का होते? समाजाला सरळ कप्पे आवडतात. भिन्नलिंगी समाज या माणसांना ‘तिकडचे’ समजतो आणि समलैंगिक गटांतही त्यांना कधी कधी ‘पूर्ण आपले नव्हेत’ अशी वागणूक मिळते. बहिणीकडून आणि मैत्रिणीकडून त्या मुलीला जे ऐकावे लागले, ते हेच. आपण कोण आहोत हे दुसऱ्यांनी ठरवायचे आणि आपण मान खाली घालून ऐकायचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. निदान आपण तरी तो दुसऱ्याला देऊ नये.

कायदा काय म्हणतो

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात निकाल दिला. प्रौढांनी परस्पर संमतीने खासगीत ठेवलेले संबंध गुन्हा राहिले नाहीत. या निकालाचा एक मोठा आधार होता संविधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ही कल्पना समजावून सांगितली होती. ती माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. बहुसंख्यांना काय रुचते यापेक्षा संविधान काय हक्क देते ते पाहायचे, हा न्यायालयाने घेतलेला अर्थ.

मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. उभयलैंगिक व्यक्तीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच मुलीने मुलावर प्रेम केले तर लग्न, वारसा, विमा सगळे मिळते. मुलीवर केले तर पत्नी म्हणून काहीच मिळत नाही. ‘दोघेही आवडतात ना, मग मुलगा निवड की!’ या घरच्यांच्या दबावाला इथून बळ मिळते. पण कोणावर प्रेम बसेल याची निवड कुणीच करत नाही.

आपण काय करू शकतो

कुणी विश्वासाने सांगितले तर आधी पूर्ण ऐका. ‘नक्की ना?’ असे विचारू नका.

सांगितलेली गोष्ट तिसऱ्याला सांगू नका, घरच्यांनाही नाही. ते सांगायचे की नाही हा त्या व्यक्तीचा निर्णय.

‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या बाबाकडे किंवा डॉक्टरकडे कुणाला नेऊ नका. कल बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. मनावर ताण असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

आणि विनोद थांबवा. ‘मजा आहे’ हे वाक्य ऐकून समोरचा कायमचा गप्प बसू शकतो.

त्या मुलीने साखरपुड्याआधी मुलाला सांगायचे ठरवले. सांग किंवा सांगू नको, असे मी काहीच म्हटले नाही. त्याने दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, ‘मग तू मला सोडून जाशील का?’ ती म्हणाली, ‘माणसं सोडून जातात, पण या कारणाने नाही.’ पुढचे त्या दोघांचे खासगी आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर आता सत्रात अशी चिठ्ठी आली आणि हॉल हसला, तर मी पुढची चिठ्ठी उचलत नाही. हसणे थांबेपर्यंत उभी राहते, आणि मग तो प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश वाचते. कारण तो लिहिणारी व्यक्ती त्याच हॉलमध्ये बसलेली असते.

जय भीम!