प्रागचा रब्बी, हॅनोव्हरची पुस्तकं

हौसेनं जमवलेली पुस्तकं स्वतःच्या घरात ठेवायची सोय नाही, ही पुस्तकवेड्याला केवढी शिक्षा! डेव्हिड ओपेनहाइमनं ती वर्षानुवर्षं भोगली. १६६४ साली जर्मनीतल्या वर्म्स गावी जन्मलेला हा माणूस पुढे प्रागचा मुख्य रब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू झाला. पुस्तकं मात्र दूर हॅनोव्हरला, सासऱ्याच्या आश्रयाला. कारण प्रागमध्ये हिब्रू पुस्तकांवर चर्चच्या सेन्सॉरची करडी नजर होती.

धास्ती उगाच नव्हती. १५५३ मध्ये रोमच्या भर चौकात तल्मूदच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाच्या, प्रती जाळल्या गेल्या होत्या. इटलीत जी हस्तलिखितं जाळपोळीतून वाचली, त्यांतल्या खटकणाऱ्या ओळी सेन्सॉर शाईनं खोडायचा आणि शेवटच्या पानावर सही ठोकायचा. आज संशोधक तीच सही आधी शोधतात, कारण पुस्तक कधी कुणाच्या हातून गेलं याचा तो पक्का पुरावा. काही पानांवर तर सेन्सॉरची शाई उडाली आहे आणि खालचा मजकूर वर आला आहे!

ओपेनहाइमकडे सुमारे साडेचार हजार छापील पुस्तकं आणि ७८० हस्तलिखितं जमली. निळ्या कागदावरच्या, चर्मपत्रावरच्या खास प्रतीही त्यांत होत्या. पण माझ्या मते खरं धन म्हणजे त्यातली यिदिश चोपडी. यिदिश ही मध्य युरोपातल्या ज्यूंची घरची बोली, जर्मनच्या नात्यातली पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. गाणी, गोष्टी, बायकांच्या प्रार्थना असा हा स्वस्त माल, आपल्या जत्रेतल्या आरतीसंग्रहासारखा, वापरून फाटून जाणारा. एवढ्या पंडितानं तो जपावा याचंच नवल. त्यांतल्या कित्येकांची जगात एवढी एकच प्रत उरली आहे. तीनशे वर्षांपूर्वीची साधी बाई काय वाचायची, हे कळतं ते एका रब्बीच्या संग्रहातून.

१७३६ मध्ये तो वारला. पुस्तकं वारसांकडे फिरत अखेर हॅम्बुर्गला पेट्यांत बंद झाली. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोननं त्यांची किंमत पन्नास-साठ हजार थालर (तेव्हाची जर्मन चांदीची नाणी) केली होती. गिऱ्हाईकच मिळेना. १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयानं अख्खा संग्रह ९,००० थालरना उचलला. मातीमोलच म्हणायचं! पुढे मॉरिट्झ स्टाइनश्नायडर या ज्यू पंडितानं बोडलीयनमधल्या छापील हिब्रू पुस्तकांची, त्यांत यिदिशचीही, सूची केली. ती १८५२ ते १८६० दरम्यान बर्लिनमध्ये छापली गेली, तीही लॅटिनमध्ये. त्यामुळे यिदिश प्रेमगीताचा माग काढणाऱ्याला अजूनही थोडंफार लॅटिन लागतंच.