मारुती ८००चा ड्राइव्ह शाफ्ट घरी बदलताना

हैदराबादेत नवी मारुती ८०० मिळणं २०१० साली बंद झालं. त्या एप्रिलपासून इथे भारत स्टेज-४चे नियम लागू झाले आणि कंपनीने ही गाडी त्या नियमांत बसवली नाही. म्हणजे इथे नवी घेतलेली आठशे आज पंधरा वर्षांहून जुनी आहे, 'एपी' नंबरची आणि नोंदणी वाढवून घेतलेली. या वयात पुढचा एक्सल, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट, कुरकुर करू लागतो.

आधी आवाज ओळखा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. चाकाजवळ कट-कट वाजलं तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. सरळ जाताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्या. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात, म्हणून चाक वळलेलं असतानाही एकसारख्या वेगाने फिरतं. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस उडून जातं, पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरते आणि खाचा खराब होतात. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस आणि नवा बूट घातला की भागतं. पूर्ण शाफ्ट बदलण्याआधी एवढं नक्की पाहा.

सामानासाठी सिकंदराबादचं राणीगंज आहेच. डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी सारखी नसते, म्हणून बाजू सांगून घ्या. सोबत ऑइल सील, सर्क्लिप, स्प्लिट पिन आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल हवं.

इथल्या अपार्टमेंटच्या सेलरमध्ये पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार ठेवलेला असतो. सपाट, पक्का कोपरा शोधा. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, हँडब्रेक ओढा. गाडी जमिनीवर असतानाच स्प्लिट पिन काढा, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मधला मोठा नट लांब दांड्याने फक्त सैल करा. तो भयंकर घट्ट असतो. गाडी उचलल्यावर त्याच्याशी झटापट केली तर ती स्टँडवरून घसरू शकते. चाकाचे नटही आत्ताच थोडे सैल करून ठेवा.

मग गाडी उचलून जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. चाक उतरवा, गिअरबॉक्समधलं ऑइल डब्यात काढा, मधला नट पूर्ण काढा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेर ओढता येतो आणि शाफ्टचं टोक मोकळं होतं. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नका. गिअरबॉक्सकडचं टोक टॉमीने जॉइंटच्या कडेला रेटून काढायचं. शाफ्टच धरून ओढला तर आतला जॉइंट सुटून येतो. टॉमी सीलवर टेकवू नका.

नवं सील सरळ बसवून त्याच्या ओठाला ग्रीस लावा. नवा शाफ्ट सरळ रेषेत आत ढकला. सर्क्लिप बसल्याचा 'टक' आवाज ऐकू येतो, तरी जॉइंट हलकेच ओढून खात्री करा. बाकी जोडणी उलट क्रमाने. मधला नट गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला कसा आणि नवी स्प्लिट पिन घाला. तोवर गाडी ढकलूसुद्धा नका, सैल नटावर बेअरिंग खराब होतं. ऑइल भरताना गाडी सपाट हवी. लेव्हलच्या भोकातून ते बाहेर यायला लागलं की पुरे.

जुनं ऑइल सेलरच्या नाल्यात ओतू नका. शहराचे नाले शेवटी मुसीलाच मिळतात. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.