नळी बसत नाही, ती का?



मुंबईला मालाड-बोरिवलीकडे राहणारी आपली मुलं सणासुदीला गावी येताना बागेची नळी, फवाऱ्याचे तोंड असे काहीबाही घेऊन येतात. कुणाकडे अमेरिकेहून आलेली वस्तूही असते. घरच्या तोटीला लावायला जावे तर एक बसत नाही. मग सायकलची ट्यूब नि तार गुंडाळून काम भागवतात. परसातल्या झाडांना ते चालते. पण तोच सांधा उसात तणनाशक मारताना सुटला तर औषध अंगावर येते. म्हणून जोडणी का जुळत नाही, हे समजून घेतलेले बरे.

पहिला घोटाळा मापाचा. रबरी नळी आतल्या पोकळीने मोजतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत, सुमारे १२.५ मिलिमीटर. पीव्हीसी पाइप आणि ठिबकची नळी बाहेरून मोजतात. ६३ चा पाइप, १६ ची लॅटरल. लोखंडी पाइप व तोटीचे माप तर नुसते नावाचे. अर्धा इंची तोटीचे आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिलिमीटर भरतात. म्हणून दुकानात नुसते ‘अर्धा इंची द्या’ म्हणून भागत नाही. जोडायची दोन्ही टोके बरोबर न्यावीत.

दुसरा घोटाळा आट्यांचा. आपल्याकडच्या पाइपाला ब्रिटिश पद्धतीचे आटे असतात. अर्धा व पाऊण इंचीला इंचात १४, एक इंचीला ११. अमेरिकन बागेच्या नळीला इंचात साडेअकरा आटे, जाडी सुमारे २७ मिलिमीटर. आपली पाऊण इंची २६.४. दिसायला सारखेच, पण वेढा-दीड वेढा फिरले की अडकते. पान्याने जोर केला तर पितळेचे आटे जातात. टेफ्लॉन टेप जुळणाऱ्या आट्यांतली फट बुजवते, न जुळणारे आटे जुळवत नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांना ज्याचे त्याचे निपल लावावे आणि मधे वीतभर नळी घालावी. नळीचे तोंड गरम पाण्यात बुडवून निपलवर पूर्ण चढवावे, गार झाल्यावर क्लॅम्प आवळावा. जिथे सपाट बूड टेकते तिथे वायसर हवाच. तिथे टेपचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. मालाडच्या चार मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून खाली तोटीला सव्वा किलोच्या आसपास दाब मिळतो. आपला एचटीपी फवारणी पंप वीस किलो नि त्याहून जास्त दाबाने चालतो. तिथे बागेची नळी मुळीच लावू नये. जाळीची फवारणी नळी आणि तिचीच पक्की पितळी जोडणी वापरावी.

औषधाचे पिंप भरताना नळीचे टोक पाण्यात बुडवू नये. वीतभर वर धरावे. मोटार बंद पडली की पाणी मागे ओढले जाते आणि औषध विहिरीत जाऊ शकते. त्याच विहिरीचे पाणी आपण नि जनावरे पितो.

जोडणी झाली की आधी साध्या पाण्यावर पंप पाच मिनिटे चालवावा. सांधे कोरडे राहिले तरच औषध ओतावे.