तांबड्या पेशींवरील शर्करा

काचेच्या अरुंद नळीत मिठाच्या पाण्यात धुतलेल्या तांबड्या पेशींचा एक थेंब, त्यावर प्रतिद्रव्याचे दोन थेंब, मग सेंट्रिफ्यूजमध्ये अल्पशी फेरी, आणि शेवटी ती नळी उजेडासमोर धरून हलक्या हाताने तिरपी करीत तळाशी बसलेली तांबडी गोळी सुटते की जशीच्या तशी राहते हे पाहणे, एवढ्यावर रक्तगट ठरविण्याचे काम चालते. परळच्या एका रक्तपेढीत उमेदवारी करीत असताना हे तिरपे करणे मी शिकलो, आणि त्याचा वेग व हळुवारपणा बोटांच्या इतका अंगवळणी पडला की आजही पाण्याचा पेला हातात आला तरी तो नकळत त्याच चालीने कलतो. पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर गोळी अखंड किंवा मोठमोठ्या तुकड्यांनी वर उठते. चिकटल्या नसतील तर तिच्यातून तांबूस रेघ निघते आणि क्षणभरात सारा द्रव सारखा लालसर होतो. या दोन टोकांमध्ये बारीकसारीक पुंजक्यांच्या ज्या पायऱ्या असतात त्या ओळखणे हीच खरी तालीम, कारण दफ्तरात उतरणारा एकेक निर्णय अखेर या पाहण्यावरच विसंबून असतो.

पेशी चिकटतात याचे कारण त्यांच्या पृष्ठभागावर असते. तांबड्या पेशीच्या आवरणातून शर्करारेणूंच्या आखूड साखळ्या बाहेर डोकावत असतात, आणि ए गटाच्या एकेका पेशीवर ए हे चिन्ह धारण करणाऱ्या अशा साखळ्या सुमारे दहा लाख भरतात. ए गटाच्या साखळीच्या टोकाला एन-ॲसिटाइल-गॅलॅक्टोसामीन ही शर्करा असते, बी गटाच्या टोकाला गॅलॅक्टोज असते, ओ गटाच्या टोकाला या दोहोंपैकी एकही नसते. त्याखालची रचना तिन्हींत तीच. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे १९०१ साली रक्ताचे गट जाहीर केले, पुढे रक्तसंक्रमणाचे शास्त्र उभे राहिले, गटांच्या आनुवंशिकतेचे नियम ठरले, पितृत्वाच्या दाव्यांत रक्तगटाची साक्ष न्यायालयांत दाखल होऊ लागली. परंतु ए म्हणजे रसायन म्हणून नेमके काय आणि बी म्हणजे काय याची रुजुवात अर्धे शतक लोटले तरी झालेली नव्हती. ती ज्यांच्या हातून झाली त्यांत लंडनच्या लिस्टर संस्थेतील वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स, आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे झटणारे एल्विन कॅबट, ही नावे प्रथम घ्यावी लागतात. त्यांतही १९२४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या वॉटकिन्सबाईंनी आपली उभी हयात या एकाच प्रश्नाच्या स्वाधीन केली, आणि त्या प्रश्नाचा एक धागा थेट आमच्या परळशी येऊन पोहोचतो, म्हणून मला त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे.

पहिली अडचण द्रव्य मिळविण्याची होती. पेशीच्या आवरणात गुंतलेली ही शर्करा वजनाने इतकी थोडी, आणि तेथून सोडवून पाण्यात आणणे इतके कष्टाचे, की तिचे पृथक्करण करणे त्या काळी अशक्यप्राय होते. सुदैवाने हीच गटद्रव्ये पुष्कळ माणसांच्या लाळेत व जठररसात विरघळलेल्या रूपात असतात, आणि स्त्रियांच्या बीजकोशात कधीकधी वाढणाऱ्या द्रवाने भरलेल्या गाठींत तर ती विपुल असतात, हे मॉर्गन यांच्या ध्यानी आले. शस्त्रक्रियेनंतर जो द्रव फेकून दिला जाई तो आता प्रयोगशाळेत येऊ लागला. तो सुकवून नव्वद टक्के फिनॉलमध्ये ढवळला की साधी प्रथिने विरघळून बाजूला होत आणि बहुतांशी शर्करेचेच बनलेले गटद्रव्य हाती येई, तेही थोडेथोडके नव्हे, कित्येक ग्रॅम. परंतु त्याचे पृथक्करण करू जाता दुसरीच अडचण उभी राहिली. ए गटाच्या व्यक्तीचे द्रव्य घ्या, बी गटाचे घ्या वा ओ गटाचे घ्या, त्यांतून निघणाऱ्या शर्करा त्याच : फ्यूकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटाइल-ग्लुकोसामीन, एन-ॲसिटाइल-गॅलॅक्टोसामीन. घटकांच्या यादीवरून गट ओळखण्याचा मार्ग येथे खुंटला.

तेव्हा वॉटकिन्सबाईंनी जो मार्ग धरला तो प्रतिद्रव्यालाच साक्षीला बोलावण्याचा होता. प्रतिद्रव्य पेशीवरील ज्या शर्करेला जाऊन धरते, तीच शर्करा त्याला आधी सुटी पाजली, तर पेशी येईपर्यंत त्याची जागा भरलेली असणार आणि पेशी चिकटणार नाहीत; सबब ज्या शर्करेने चिकटणे थांबते, तीच त्या गटाच्या ओळखीची शर्करा. हा प्रयोग मी स्वतः केला आहे, आणि तो कुळथावर केला आहे. कोकणातल्या घरोघरी पिठले ज्याचे होते तो कुळीथ रक्तपेढीच्या मोठ्या उपयोगाचा आहे, कारण त्याच्या अर्कात ए गटाच्या पेशींना चिकटविणारे प्रथिन असते. भारतीय लष्करात डॉक्टर असलेल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली हे दाखवून दिले. दाणे भरड दळून मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालावयाचे, सकाळी वरचा निवळ द्रव सेंट्रिफ्यूज करून घ्यावयाचा, आणि तो इतपत विरळ करावयाचा की ए गटाचा जो सबळ उपप्रकार आहे तेवढ्याच्याच पेशी चिकटाव्यात, दुर्बळ उपप्रकाराच्या चिकटू नयेत. विरळ करण्याची ही मात्रा पुस्तकावरून ठरत नाही. दाण्यांच्या प्रत्येक खेपेला ती नव्याने पाहावी लागते, आणि येथे घाई करणाराचा अर्क हटकून फसतो.

त्यानंतर नळ्यांची रांग मांडावयाची. पहिल्या नळीत एन-ॲसिटाइल-गॅलॅक्टोसामीनचा घट्ट द्राव, दुसरीत त्याच्या निम्मा, तिसरीत त्याच्याही निम्मा, अशी उतरंड. शेजारी ग्लुकोजची तशीच रांग, गॅलॅक्टोजची तशीच, आणि एक नळी नुसत्या मिठाच्या पाण्याची. प्रत्येकीत कुळथाचा अर्क घालून थोडा वेळ थांबावयाचे, मग ए पेशी घालावयाच्या. ग्लुकोजच्या रांगेत सर्वत्र घट्ट पुंजके बांधले जातात, जणू शर्करा घातलीच नव्हती. पण पहिल्या रांगेत सुरुवातीच्या नळ्यांतील पेशी सुट्या राहतात, पुढे एका नळीत बारीक रवाळपणा दिसू लागतो, आणि त्याच्या पुढे पुन्हा पूर्ववत पुंजके. त्या रवाळ नळीशी डोळे खिळतात. रेणू कोणी पाहिलेला नसतो, यंत्राने काही मोजलेले नसते, आणि तरीही पेशीच्या टोकाशी कोणती शर्करा बसली आहे हे त्या क्षणी निःसंशय कळलेले असते. जीवरसायनशास्त्रात याहून निर्मळ अनुमान मला ठाऊक नाही.

वॉटकिन्स व मॉर्गन यांनी १९५२ साली ही रीत प्रथम लावली ती ईल माशाच्या रक्तरसावर. हा रक्तरस ओ गटाच्या पेशींना चिकटवितो, म्हणजे ए आणि बी या दोहोंच्या खाली असलेल्या आणि एच या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या रचनेला धरतो. एकामागून एक साध्या शर्करा घालून पाहता त्याला निष्प्रभ करणारी निघाली ती फ्यूकोज, समुद्रातील तपकिरी शेवाळात विपुल सापडणारी. पाठोपाठ वनस्पतींच्या बियांचे अर्क वापरून ए ची शर्करा उजेडात आली, आणि बी च्या ठिकाणी गॅलॅक्टोज असल्याचेही ठरले.

त्याच १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा निबंध आला. त्याचे पहिले लेखक होते मुंबईत परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. वाय. एम. भेंडे; त्यांच्यासोबत सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया, आणि लंडनहून रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन व वॉटकिन्स. मुंबईत तीन माणसे अशी आढळली होती की त्यांच्या पेशी ए च्या प्रतिद्रव्याने चिकटत नव्हत्या, बी च्याही नाही, म्हणजे वरवर पाहता ती ओ गटाची. पण त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींनाही चिकटवून टाकीत होता. जे रक्त सर्वांना चालते म्हणून आपण निर्धास्त असतो तेच या तिघांना घातक होते. त्यांच्या पेशींवर एच देखील नव्हते. हाच पुढे बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला.

ही तीन माणसे म्हणजे निव्वळ एक दुर्मीळ अपवाद, असे म्हणून प्रकरण मिटविता आले असते. परंतु १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हीन यांच्या पाहण्यात एक कुटुंब आले, ज्यात अशाच रक्ताच्या स्त्रीची मुलगी एबी गटाची होती. बी तिला आईकडूनच मिळालेले असणार, म्हणजे आईच्या ठायी बी चे जनुक शाबूत होते, पण त्याचा अंमल पेशीवर दिसत नव्हता. इकडे वॉटकिन्सबाई गुरांच्या गर्भाशयात राहणाऱ्या ट्रायकोमोनास फीटस या परजीवीची विकरे गटद्रव्यांवर सोडून पाहत होत्या. बी द्रव्यावर विकर चालले की त्याचा बी हा गुण नाहीसा होई, गॅलॅक्टोज सुटी होई, आणि त्याच रेणूत आतापर्यंत झाकलेला एच प्रकट होई. साखळी टोकाकडून एकेक शर्करा उतरवीत गेल्याने तिचा क्रम उघड झाला, आणि क्रम उघड झाल्यावर ती बांधली जाते कशी हेही मनात मांडता आले. एच हे जोते आहे. ए किंवा बी चे बांधकाम त्यावरच होते, आणि ज्याचे जोतेच घातलेले नाही त्याच्याकडे गवंडी कितीही चांगले असले तरी भिंत उठत नाही. ही उपपत्ती वॉटकिन्स व मॉर्गन यांनी १९५९ साली मांडली, आणि तिच्या पोटात त्याहून व्यापक सिद्धांत होता : जनुक शर्करा घडवीत नाही, जनुक विकर घडविते, आणि एकेक शर्करा नेमक्या जागी जोडून देणे हे त्या विकराचे काम असते.

पुढची सुमारे बारा वर्षे ही विकरे प्रत्यक्ष हाती धरण्यात गेली. मध्यंतरी वॉटकिन्सबाई कॅलिफोर्नियात बर्कले येथे हासिड यांच्या प्रयोगशाळेत मुक्कामाला जाऊन आल्या, कारण शर्करा जोडण्यापूर्वी ती ज्या न्यूक्लिओटाइडाशी बांधलेली असावी लागते त्याचे रसायन तेथे शिकता येत होते. अखेर १९७२ च्या सुमारास, बॉम्बे गटाच्या दात्यांच्या रक्तरसात ए किंवा बी जोडणारे विकर सापडते, पण एच घडविणारे विकर सापडत नाही, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले. वीस वर्षांपूर्वी परळच्या नळ्यांत दिसलेल्या कोड्याचा तो उलगडा होता. १९९० साली यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ए व बी च्या विकरांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा भेद असल्याचे जनुकाच्या पातळीवर सिद्ध केले, तेव्हा पेशी व शर्करा पाहूनच काढलेल्या या अनुमानांत कोठे कसूर निघाली नाही.

या कामाचा गौरव झाला : १९६९ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९८८ साली त्याच संस्थेचे रॉयल पदक. लिस्टर संस्थेच्या प्रयोगशाळा सत्तरच्या दशकात बंद पडल्या, तेव्हा वॉटकिन्सबाई आपले काम घेऊन नॉर्थविक पार्कला गेल्या, आणि निवृत्तीनंतरही हॅमरस्मिथ रुग्णालयात ते करीत राहिल्या. २००३ साली मॉर्गन वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी गेले आणि त्याच वर्षी वॉटकिन्सबाईही. आजच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे हे सारे एका आकृतीत आणि दोन ओळींत आटोपते. विद्यार्थ्याला निष्कर्ष कळतो, पण रांगेतली ती रवाळ नळी त्याला कोणी दाखवीत नाही, आणि माझ्या मते हे शिक्षणाचे फार मोठे नुकसान आहे. कुळीथ स्वस्त आहे, मिठाचे पाणी त्याहून स्वस्त, आणि प्रयोग एका सकाळीत होण्याजोगा आहे.

वाचकांना एक विनंती करावयाची आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती बॉम्बे गटाची असते असे मानतात, आणि केवळ पेशींची तपासणी करून थांबल्यास ती ओ गटाची म्हणून नोंदली जाते; रक्तरसावर ओ पेशी घालून पाहिल्यावाचून हा भेद उमगत नाही. आपल्या रक्तगटाच्या कागदावर ओ लिहिलेले असेल तर ही उलट बाजूची तपासणी झाली आहे किंवा नाही हे रक्तपेढीत विचारून खातरजमा करून घ्यावी. कोणी बॉम्बे गटाचे निघाले, तर त्यांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हाच गट असण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून भावंडांनीही तपासणी करून घ्यावी आणि सर्वांनी आपले नाव दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत नोंदवावे. या गटाच्या रुग्णाला याच गटाचे रक्त चालते, दुसरे कोणतेही चालत नाही.